ही वेळ नव्हे!

मी महाविद्यालयात मराठी शिकवते असे सांगितले की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर कौतुक उमटते, आणि नाव सांगितले की त्या कौतुकात आश्चर्य मिसळते. ‘‘अगबाई, तुमचे मराठी किती शुद्ध आहे हो!’’ हे वाक्य मी गेली वीस वर्षे ऐकत आले आहे. बोलणाऱ्याच्या मनात काही वाकडे नसते, हेही मी जाणते. पण सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या गावच्या मातीत आमच्या घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या मिसळल्या, तिथल्या माणसाला मराठी का येऊ नये, हे काही मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. दुसरी शाबासकी याहून मोठी. ‘‘तुम्ही मुसलमान वाटतच नाही!’’ आता याला उत्तर काय द्यावे? आभार मानावेत तर घरच्या साऱ्या माणसांना कमी लेखल्यासारखे होते. रागवावे तर ती बाई बिचारी हातात फराळाची बशी घेऊन अगत्याने उभी असते. मी आपली चकली उचलते आणि विषय बदलते.

आमचे घराणे मुलाण्याचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ हा ग्रंथ लिहिला. त्या गावगाड्यात आमच्या पूर्वजांनाही जागा होती. गावच्या जत्रेत बकऱ्याला मुलाण्याची सुरी लागल्याशिवाय गावकरी मटणाला तोंड लावीत नसत, आणि त्याबद्दल मुलाण्याला त्याचा हक्क पोचत असे. माझ्या आजोबांना स्वतःबद्दल ‘अल्पसंख्याक’ हा शब्द ठाऊकच नव्हता. ते गावचे मुलाणी होते, एवढी ओळख त्यांना जन्मभर पुरली. ‘अल्पसंख्याक’ आम्ही झालो ते शहरात येऊन, शिकून, अर्ज भरून.

अल्पसंख्याक माणसाला एक यादी पाठ ठेवावी लागते. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात जे चार सोलापूरकर फासावर गेले, त्यांतले कुर्बान हुसेन. बार्शीचे शाहीर अमर शेख, ज्यांच्या आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा उभ्या राहिल्या. ही नावे मला प्रिय आहेत. वर्गात शिकवताना माझा ऊर भरून येतो. पण एखाद्या लग्नाच्या पंगतीत कोणी सहज म्हणून विषय काढतो, आवाज थोडा चढतो, आणि मी वकिलासारखी एकेक नाव पुराव्यादाखल पुढे ठेवू लागते, तेव्हा मनातल्या मनात मला थकवा येतो. शेजारी बसलेल्या कुलकर्णीबाईंना आपण या देशाच्या आहोत हे पटवण्यासाठी टिळकांचे नाव घ्यावे लागत नाही. त्या जिलबी वाढून घेतात.

वैफल्य म्हणतात ते हेच. दर वेळी काही मोठा अन्याय व्हावा लागतो असे नाही. पुण्यात आम्ही बिऱ्हाड शोधत होतो तेव्हाची गोष्ट. एका मालकांनी फोनवर फार गोड बोलून जागा दाखवायचे ठरवले. नाव विचारले, आम्ही सांगितले. क्षणभर शांतता झाली, आणि त्या क्षणात त्यांच्या मेहुण्याची पुण्यात बदली झाली. पुढे तीन आठवड्यांत किती मालकांच्या मेहुण्यांच्या बदल्या झाल्या ते विचारू नका! अखेर जिथे आमची माणसे राहतात तिथेच आम्हाला जागा मिळाली. आणि वर्षभराने एका सहकारी गृहस्थांनी मला विचारले, ‘‘तुम्ही लोक असे एकत्र गट्ठा करून का राहता?’’

आता खरे सांगायचे तर हा ‘गट्ठा’ वाटतो तितका घट्ट नाही. आमच्यात बागवान आहेत, अत्तार आहेत, तांबोळी, पिंजारी, शिकलगार, मोमीन आहेत. सोयरीक जुळवायची वेळ आली की बागवानाला बागवान लागतो आणि मोमिनाला मोमीन. कोकणातला मुसलमान आमची दखनी ऐकून हसतो, आणि त्याची कोकणी आम्हाला समजत नाही. सुखाच्या दिवसांत आम्ही असे वेगवेगळे असतो. दुःखाच्या दिवसांत मात्र बाहेरचा माणूस आम्हाला एकाच नावाने हाक मारतो आणि आम्ही त्या एका नावाखाली गोळा होतो.

हे गोळा होणे कसे असते ते पाहायचे तर मयतीच्या घरी जावे. निरोप पोचताच माणसे येतात. ओळख असो नसो, जनाज्याला खांदा द्यायला रस्त्यावरचा माणूस दुकान सोडून दहा पावले चालतो आणि मग दुसऱ्याला जागा देतो. घरात चूल पेटत नाही. शेजारून डबे येतात. ज्याच्यापाशी ठरावीक मर्यादेपलीकडे शिल्लक आहे त्याने वर्षाकाठी तिच्यातले अडीच टक्के जकात म्हणून द्यायचे असतात. त्या पैशातून विधवेचे भाडे, पोराची फी, कोणाचे डायलिसिस असे काही ना काही चालू असते. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था १८७४ साली निघाली ती याच वृत्तीतून. तिच्या शाळा-महाविद्यालयांतून किती पिढ्या शिकून बाहेर पडल्या. लोकांना मात्र वाटते की आमची मुले मदरशातच जातात. सच्चर समितीने २००६ सालच्या अहवालात शाळेच्या वयाच्या मुलांचा हिशेब मांडला, तेव्हा मदरशात शिकणारी मुले जेमतेम चार टक्के निघाली. बाकीची आपल्या साध्या शाळेत जातात, आणि पुष्कळशी मध्येच गळतात. त्याच अहवालात आय.ए.एस. अधिकाऱ्यांत मुसलमान तीन टक्के असल्याचे दिसले. लोकसंख्येत ते तेव्हा तेरा टक्क्यांहून अधिक होते. आमचे फाजील लाड होतात असे ज्यांना वाटते त्यांनी तो अहवाल सवडीने वाचावा. मी एवढे म्हणून पुढे जाते.

कारण मला सांगायचे आहे ते निराळेच.

माझे एक चाचा मुंबईत मिश्र वस्तीत राहत. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. जानेवारीत पुन्हा पेटली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्या दोन महिन्यांत नऊशे माणसे मेली, त्यांत पाचशे पंचाहत्तर मुसलमान आणि दोनशे पंचाहत्तर हिंदू होते. चाचांना शेजारच्या मराठी कुटुंबाने दोन रात्री आपल्या घरात लपवले. हे चाचा कधी विसरले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी ते निघाले, आणि इतर अनेकांप्रमाणे मुंब्र्याला जाऊन राहिले. तिथे पाणी वेळेवर येत नसे, लोकलला लटकून कामावर जावे लागे. मी तेव्हा लहान होते. सुट्टीत गेले असता मी विचारले, ‘‘चाचा, ते जुने घर किती छान होते, इथे का राहता?’’ ते म्हणाले, ‘‘बेटा, यहाँ नींद आती है.’’

या एका वाक्यापुढे माझे सगळे पुस्तकी ज्ञान मला तोकडे वाटते. एकोपा म्हणजे झोप लागणे. बाहेरच्यांना तो ‘गट्ठा’ दिसतो. आतल्याला ती उशी असते. आणि हेही सांगितले पाहिजे की झोप लागण्यासाठी वेगळे होऊन राहणे हा एकच उपाय होता असे नाही. भिवंडी शहर १९७० साली आणि १९८४ साली दंग्यात होरपळले होते. पुढे तिथे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत दोन्ही समाजांच्या साध्या माणसांच्या समित्या नेमल्या. पुढारी नव्हेत, यंत्रमागवाले, दुकानदार, रिक्षावाले. नळाची भांडणे, गटारांच्या तक्रारी यांसाठी ती माणसे एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. शेजाऱ्याची गटार कुठे तुंबते हे ठाऊक असले की त्याच्याविषयीच्या अफवेवर विश्वास ठेवणे जड जाते. आपल्याकडे मात्र दंगलीची जेवढी चर्चा झाली, त्याच्या दशांशही या शांततेची झाली नाही.

पण उशीला एक दोष असतो. ती तोंडावर दाबली तर श्वास कोंडतो.

माझी एक मावसबहीण आहे. आमच्याकडे तिला खालाची मुलगी म्हणतात, मला ती आपा. २००९ साली तिच्या नवऱ्याने रजिस्टर पोस्टाने तिला तलाक पाठवला. पदरात दोन मुले. त्या वेळी जमातीने तिच्यासाठी जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आठवड्याच्या आत भाड्याची खोली मिळाली. महिन्याभरात शिवणयंत्र आले. मुलांची फी कोणी भरली ते आपाला अजून ठाऊक नाही. सख्खे भाऊ करणार नाहीत एवढे त्या लोकांनी केले. मग एके दिवशी आपा म्हणाली, ‘‘हे सगळे उपकार झाले. पण माझा हक्क कुठे आहे? मी कोर्टात जाते.’’

आणि तेच दयाळू चेहरे एकदम मिटले. जमातीचे सदर फार भले गृहस्थ. त्यांनी तिला समजावले, ‘‘अब्बी नक्को, बेटा. ये वखत नई.’’

ही वेळ का नव्हती? त्यांची बाजू मला अगदीच कळत नाही असे नाही. २००६ साली मालेगावात शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजानंतर, कब्रस्तानापाशी बॉम्बस्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान, आणि पकडलेलेही मुसलमान. त्या तरुणांना विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ साली. म्हणजे २००९ मध्ये तो डाग आमच्या माथ्यावर तसाच होता. सदर म्हणत होते की आज आपण चोहोबाजूंनी बोलणी खात आहोत. त्यांत तुझी केस वर्तमानपत्रात आली की लोक म्हणतील, पाहा हे लोक बायकांना कसे वागवतात. घरातले भांडण रस्त्यावर नको.

आपा त्यांना म्हणाली, ‘‘चाचा, ती वेळ कधी येणार आहे ते सांगा, तेवढे दिवस मी थांबते.’’ सदर काही बोलले नाहीत.

मराठीची शिक्षिका म्हणून मला या प्रश्नाचा इतिहास ठाऊक आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रिया विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. सातच! तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी. त्यांना तिथवर नेणारे हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. ‘लाट’मधल्या त्यांच्या कथा आणि ‘इंधन’ ही कादंबरी मी शिकवत आले आहे. २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि १९७७ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. आपल्या समाजाने त्यांना दगड मारले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की त्यांना टाळ्या कोणाकडून मिळत होत्या ते आमचे लोक पाहत होते. मुसलमानांना शिव्या देण्याची संधी शोधणारा माणूस दलवाईंचे नाव घेऊन टाळी वाजवी, आणि त्या प्रत्येक टाळीबरोबर मोहल्ल्यातला दरवाजा आणखी एक इंच लागे. दलवाईंचे प्रश्न खरे होते असे माझे मत आहे. पण त्यांचे ऐकले गेले नाही याचा सारा दोष मोहल्ल्याच्या माथी मारायला मी तयार नाही. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मचरित्र वाचकांनी अवश्य वाचावे. सुधारकाच्या घरात पीठ कुठून येते, हे आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही.

पुढे इंदूरच्या शाहबानूचे प्रकरण झाले. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या म्हाताऱ्या घटस्फोटितेला पोटगी मंजूर केली. पुढाऱ्यांनी धर्म संकटात असल्याची हाकाटी केली, मोर्चे निघाले, १९८६ साली सरकारने नवा कायदा करून माघार घेतली. परंतु या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोचते ती गोष्ट निराळी. एवढी वर्षे कोर्टात झगडून जिंकलेल्या शाहबानूनेच जाहीर पत्रक काढून हा निकाल आपल्याला नको असे सांगितले. तिच्यावर कोणी हात उगारला असेल असे मी म्हणत नाही. त्याची गरजही नसते. सारी जमात दारात उभी राहून ‘तुझ्यामुळे आपण सगळे बुडतो आहोत’ असे म्हणू लागली, तर सत्तरीकडे झुकलेली बाई दुसरे काय करील? मेल्यावर तिच्या जनाज्याला खांदा हीच माणसे देणार असतात.

आपा मात्र गेली. वकिलाने तिला सांगितले की १९८६ चा कायदा वाटतो तितका वाईट राहिलेला नाही. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला आहे की इद्दतच्या मुदतीतच नवऱ्याने पुढच्या आयुष्याची रास्त तजवीज केली पाहिजे. शिवाय २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने म्हटले होते की नुसते ‘तलाक दिला’ म्हणून चालत नाही, तो कोर्टात सिद्ध करावा लागतो. म्हणजे कायद्याने पुष्कळशी वाट करून ठेवलेली होती. वाट होती, पण त्या वाटेवर बाईने एकटीने चालायचे होते. तारखेला आपा एस.टी.ने जाई, आणि मोहल्ल्यातल्या बायका खिडक्यांतून पाहत. खोलीचे भाडे जमातीने थांबवले नाही, हे मी मुद्दाम नमूद करते. फक्त ईदच्या दिवशी तिच्याकडे शीरखुर्मा प्यायला येणारी माणसे कमी झाली. चार वर्षांनी तिच्यासारखा निकाल लागला.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला, तेव्हा मी तिला फोन केला. दोघीही थोड्या रडलो. पण २०१९ साली कायदा झाला आणि त्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, तेव्हा आपा म्हणाली, ‘‘अगं, तो आत गेला तर पोटगी कोण देणार? माझा सासरा?’’ नवरा हिंदू असो की ख्रिस्ती, बायकोला नुसते टाकून दिले म्हणून त्याला कैद होत नाही. आमच्याच नवऱ्यांना का, हा तिचा दुसरा प्रश्न. पन्नास वर्षे ज्या बायकांनी मागणी केली त्यांना न्याय मिळाला खरा, पण त्या न्यायाच्या भोवती ज्या आवेशाचे ढोल वाजले त्यांत त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू येईना. मी निकालाने सुखावले आणि कायद्याने अस्वस्थ झाले. या दोन्ही भावना एकाच बाईच्या मनात राहू शकतात, हे मला वृत्तवाहिनीवरच्या कोणा चर्चकाने विचारलेच नाही. विचारणार तरी कसे? तिथे एकाला बाजूने आणि एकाला विरुद्ध बसवावे लागते.

त्याच वर्षाच्या अखेरीस नागरिकत्वाचा नवा कायदा आला. त्या हिवाळ्यात आमच्या घरोघरी पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. माझ्या आजीच्या एका कागदावर नावापुढे ‘बी’ लागलेले, दुसऱ्यावर ‘बेगम’. जन्मतारीख दोन्हीकडे एक जून, म्हणजे मास्तरांनी शाळेत घातली ती. मुलाण्यातला ‘ण’ कुठे ‘न’ झालेला. रात्री अकरापर्यंत आम्ही ते कागद चटईवर मांडून बसलो होतो, जणू कोणाच्या लग्नाच्या याद्या! आणि तेव्हाच ती अजब गोष्ट घडली. दिल्लीत शाहीनबागेत बायका रस्त्यावर बसल्या. मुंबईत २६ जानेवारी २०२० पासून नागपाड्यालाही बसल्या. बुरख्यातल्या आज्या, कडेवर पोरे घेतलेल्या सुना, घटनेची उद्देशिका मोठ्याने वाचत होत्या. ज्या वडीलधाऱ्यांनी आपाला ‘बायकांनी कोर्टाची पायरी चढू नये’ असे सांगितले होते, त्यांच्यासारखेच वडीलधारे तिथे बायकांसाठी चहाच्या किटल्या वाहत होते. आता ‘वखत’ आला होता. आपा ते टीव्हीवर पाहत होती. ती म्हणाली, ‘‘समाजासाठी बाई रस्त्यावर बसलेली चालते. स्वतःसाठी बसली की नाही चालत.’’ मग थोडे थांबून, ‘‘तरी पण मी तिथे असते तर बसले असते गं.’’

मार्चमध्ये करोना आला आणि बायका घरी गेल्या. त्या साथीच्या आरंभी रोग पसरवल्याचा ठपका दिल्लीच्या तबलीगी मेळाव्यावर आला, आणि भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. आमच्या बागवानांनी किती दिवस माल फेकून दिला ते त्यांनाच ठाऊक. ऑगस्ट २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेले असे म्हटले. त्याच दिवसांत मुंबईच्या बडा कब्रस्तानाशी संबंधित स्वयंसेवक, ज्यांच्या प्रेताला हात लावायला कोणी येत नव्हते अशा हिंदूंचेही अंत्यसंस्कार करीत होते. ते आपल्या मयतीला दहा पावले खांदा देतात तसाच यांनाही दिला.

आपाचा थोरला मुलगा आता नोकरीला लागला आहे, धाकटी डी.एड. झाली. जुने सदर वारले. त्यांच्या मयतीला आपा सर्वांत आधी पोचली होती आणि घरातल्या बायकांसाठी तिनेच खिचडी टाकली. गेल्या वर्षी मोहल्ल्यातल्या एका मुलीला नवऱ्याने माहेरी आणून सोडले, तेव्हा जमातीच्या बैठकीला प्रथमच एका बाईला बोलावले गेले; ती आपा. बसण्यासाठी पडद्यापलीकडे सतरंजी घातली होती. आपा सतरंजी उचलून पडद्याच्या अलीकडे घेऊन आली. दोघांनी भुवया चढवल्या, बाकीच्यांनी तिकडे पाहिले नाही. पाऊण तास बोलणे झाले. कोणीतरी ‘ही वेळ...’ असे सुरू केले होते म्हणे, पण वाक्य पुरे झाले नाही. आधी नवऱ्याशी समझोत्याचा प्रयत्न करावा, महिनाभरात जमले नाही तर मुलीने कोर्टात जावे, असे ठरले. वकिलाची निम्मी फी जमातीने द्यायची. पैसे बैतुलमालमधून काढायचे. पावतीवर ‘इतर मदत’ असे लिहिले आहे.